नव्या भाताचं ताट

पाळक शेवटचा आशीर्वाद देत होते. सगळी मंडळी माना खाली घालून उभी होती. रीता मात्र डोळे उघडे ठेवून मागे पाहत होती. शेवटच्या बाकावर कुणी नव्हतं. बाकाच्या बाजूला, फरशीवर उदेभान उकिडवा बसला होता आणि त्याच्या मागे त्याची सून चमेली, पदर भुवयांपर्यंत ओढून.

ते उपासनेला येतील असं रीताच्या मनातही नव्हतं. तिनं त्यांना चर्चमध्ये बोलावलंच नव्हतं. बुधवारी ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत चमेलीच्या सोनूचं रक्त तिनं तपासलं होतं. काचेवर विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी इतक्या होत्या की तिनं दुसरी काच करून पुन्हा पाहिलं. पाच वर्षांची पोर हातपाय दुखतात म्हणून कण्हत होती. वॉर्डात एकाच बाईला झोपू देतात, आणि हा म्हातारा सासरा बाहेर सायकलींच्या शेडमध्ये पोतं अंथरून पडला होता. तेव्हा रीता त्याला म्हणाली होती, "रस्त्यापलीकडे आमच्या चर्चच्या आवारात दोन खोल्या आहेत. पेशंटच्या माणसांसाठीच आहेत. तिथं राहा." एवढंच.

त्या खोल्या तिच्या सासऱ्यांनी, उमरावांनी, बांधल्या. जंगलपट्ट्यातून दवाखान्यात येणाऱ्या माणसांना रात्री टेकायला जागा नसते, हे चर्चच्या कमिटीला पटवायला त्यांची अर्धी हयात गेली होती.

"कुणी बोलावलं त्यांना आत?" तिच्या नवऱ्यानं, देवेंद्रनं, ओठ न हलवता विचारलं. तो तिच्या शेजारी उभा होता. कापणीच्या सणाचा कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला, कपाळावर घाम.

"कुणीच नाही. आपणहून आले."

"हे कोणाला सांगशील? कोण ऐकेल?"

देवेंद्र जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होता आणि चर्चचा सेक्रेटरीही. गुरुवारी दोन माणसं मोटारसायकलवर येऊन खोल्यांचे फोटो काढून गेली होती. जाताना एकानं देवेंद्रला हसत विचारलं होतं, "गुरुजी, खाऊपिऊ घालून किती माणसं ख्रिस्ती केली यावर्षी?" तेव्हापासून त्याला नीट झोप लागत नव्हती. जेवणानंतर कमिटीची बैठक होती आणि तिच्यापुढं विषय एकच होता: खोल्या बंद करायच्या की नाही.

म्हणजे आज बंद झाल्या, तर उदेभान आजच रस्त्यावर. तो परत शेडमध्ये झोपायचा नाही, हे रीताला कळत होतं. दोनदा त्यानं वॉर्डात येऊन विचारलं होतं, "नेऊ का पोरीले घरी?" घर कचारगडच्या पलीकडे, गाडी जात नाही तिथं. पोरीचं रक्त रोज उतरत होतं आणि रक्ताची पिशवी गोंदियाहून उद्या यायची होती.

उपासना सुटल्यावर उदेभाननं दाराशी पाळकांना दोन्ही हात जोडले. "जोहार," तो म्हणाला. मग वळून वेदीकडेही तसेच हात जोडले.

रीता जवळ गेली. "बाबा, तुम्ही इथं?"

"तुमच्या जागेत राहून राहिलो ना बाई. घरवाल्याच्या देवाले जोहार नाई केला तं बरं दिसत नाई." तो आजूबाजूला पाहत होता. वेदीपुढं नव्या धानाच्या पेंढ्या, भोपळे, वाल, पपया रचलेल्या होत्या. "तुमच्याकडेई नवा आहे का आज?"

"हो, कापणीचा सण."

त्यानं मान डोलवली आणि गप्प झाला. त्या गप्प होण्याकडे रीतानं तेव्हा लक्ष दिलं नाही.

---

मागच्या शेडमध्ये रीताच्या सासूबाई, पुष्पाबाई, भाताच्या मोठ्या गंजाखालचा जाळ ओढत होत्या. नव्या तांदळाचा वास शेडभर होता, ओलसर आणि गोड. अश्विन, त्यांचा धाकटा, पत्रावळी मांडत होता. उन्हाळ्यात देवेंद्रशी कडाक्याचं भांडण करून तो नागपूरला निघून गेला होता, तो आज पहिल्यांदा घरी आला होता.

"आई, पहिलं ताट त्या म्हाताऱ्याला ना?" तो म्हणाला. "वहिनी, काय योग आहे बघ. अगदी सणाच्या दिवशी नवी माणसं. बाबा असते तर खूश झाले असते."

"बाबा असते तर आधी तुझा मोबाइल काढून घेतला असता," देवेंद्र मागून म्हणाला. "मागच्या महिन्यात तिकडं बसून खोलीतल्या बाईचा जुना फोटो टाकलास. वर लिहिलंस, आमच्या मंडळीत नव्या पाहुण्यांचं स्वागत. त्याच्यावरून हे सगळं सुरू झालं. समजतं का?"

"चोरी केली का दादा? लपवायचं काय त्यात?"

"तू नागपुरात राहतोस. तू लपवू नको. मला उद्या दहा वाजता शाळेत उभं राहायचंय."

"भांडून नका राहू रे," पुष्पाबाई म्हणाल्या. त्यांनी झाकण उचलून एक शीत बोटात दाबलं. "झाला. देवेंद्र, आयक. तुया बापानं नियम घातला, सणाचं पहिलं ताट नव्या माणसाले. तो जेवल्याबिगर घरचं कोनी घास घेनार नाई. तू कमिटीत काय करायचं ते कर. माया पंगतीत हे होईन."

"आई, या वर्षी राहू दे ना. पहिलं ताट पाळकांना दे. त्यांना तसंही दुसऱ्या गावी जायचंय."

"पाद्री नवीन आहे का?"

देवेंद्रनं रीताकडे पाहिलं. एरवी अशा वेळी ती सासूच्या बाजूनं बोलायची. दोघींचं ते न बोलता ठरलेलं होतं. आज ती म्हणाली, "आई, निदान सगळ्यांसमोर नको. त्यांना खोलीत ताट नेऊन देऊ."

पुष्पाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू रीताच नवीन माणूस होती. "तूई घाबरली?"

"हो," रीता म्हणाली.

"मंग तू मागं उभी राय."

---

पंगत आवारातल्या कडुलिंबाखाली बसली. उदेभानला पुष्पाबाईंनी स्वतः हाताला धरून पहिल्या जागी बसवलं. चमेली त्याच्याकडे पाठ करून, थोडी तिरपी बसली. अश्विननं पाळकांना दोन शब्द बोलायला लावले. नव्या भावाबहिणींचं आपल्यात स्वागत असो, वगैरे. देवेंद्र फाटकापाशी जाऊन उभा राहिला होता. रस्त्यावरून गेलेल्या प्रत्येक मोटारसायकलीबरोबर त्याची मान वळत होती.

पुष्पाबाईंनी नव्या भाताचं ताट आणलं. वर वरण, बाजूला भोपळ्याची भाजी. वाकून त्यांनी ते उदेभानपुढं ठेवलं. "घे बाबू. पहिला घास तुया."

उदेभाननं ताटावर आडवा तळहात धरला. "नको माय."

"अरे, लाजतो काय? घे."

"नको." त्यानं ताट दोन बोटांनी पुढं सरकवलं आणि स्वतः मागं सरकला.

पुष्पाबाई वाकलेल्याच राहिल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा याच गावात त्यांच्या घागरीत दुसऱ्या बाईनं वरून पाणी ओतायचं, हात लागू नये म्हणून. ते रीतानं त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकलं होतं. आता ते सगळं त्यांच्या चेहऱ्यावर परत आलेलं तिला दिसलं.

"आमच्या हातचं खात नाईस?" त्या म्हणाल्या. "आमच्या खोलीत झोपतोस, आमच्या विहिरीचं पानी पितोस, आन् ताट ढकलतोस?"

पंगतीत कुजबूज झाली. दुलीचंद, कमिटीतला सगळ्यात जुना माणूस, मोठ्यानं म्हणाला, "काकी, कायले जबरदस्ती करता? नाई खायचं तं नाई खायचं. आमाले वाढा."

"तू थांब. बाबू, एक घास घे. एकच. सगळे थांबून राहिले."

"नाई घेत ना माय! सांगितलं ना!" उदेभानचा आवाज चढला. तेवढ्यात त्याची नजर समोर गेली. अश्विननं मोबाइल वर धरला होता. "हे कायले काढून राहिला? आं? गावात सांगत होते मले, त्यायच्या पंगतीत बसू नको, पहिला घास घेतला का फोटो काढतात आन् तुया देव गेला म्हनतात. मी म्हनलो, बाई चांगली आहे, पोरीले सुई न दुखवता टोचली. खरंच निघालं ना त्यायचं!"

तो उठला. गमछा झटकून खांद्यावर टाकला. "चमेली, चाल. पोरीले काढ तिथून. घरी नेतो."

देवेंद्र फाटकापासून धावत आला. सरळ अश्विनपाशी गेला आणि त्याच्या हातातला मोबाइल हिसकून घेतला. "पुसतो आधी हे. तुझ्यासमोर!"

"दादा, मी काय केलं?"

"मी हेच म्हणत होतो," देवेंद्र आता सगळ्यांना म्हणत होता. आवाज कापत होता. "सकाळपासून मी हेच म्हणत होतो. कुणी ऐकलं?"

उदेभान फाटकाबाहेर पडला. चमेली उठली, एकदा रुग्णालयाकडे पाहिलं, मग आपलं सामान घ्यायला खोलीकडे वळली. तिच्या मागोमाग रीता गेली.

---

खोलीत चमेली गाठोडं बांधत होती. गाठ बसत नव्हती.

"चमेली, पोरीला आज नेलं तर..." रीतानं वाक्य तिथंच थांबवलं. भीती घालून माणूस थांबत नाही, हे ती वॉर्डात शिकली होती. "मला एवढंच सांग. बाबांनी ताट का नाही घेतलं?"

चमेलीनं गाठ पुन्हा ओढली.

"आमच्या हातचं म्हणून?"

"नाई वो बाई." तिनं पहिल्यांदा मान वर केली. "आमच्या घरी नवा नाई झाला अजून. धनी हैदराबादले कामाले गेला, दिवाडीले येईन. मोठा पोरगा आल्याबिगर नवा नाई होत. देवाले चढवल्याबिगर नवा तांदूर तोंडात नाई घालत आमच्यात." तिनं गाठोडं सोडून दिलं. "पोरगी अशी पडली आहे. मामाजीनं नवा खाल्ला आन् तिले काई झालं तं? मंग?"

रीता खाली बसली. उपासनेनंतरचा तो प्रश्न तिला आठवला, तुमच्याकडेई नवा आहे का, आणि मग त्याचं गप्प होणं. इथं मात्र समोर ठेवलेली काच तिनं दुसऱ्यांदा पाहिली नव्हती.

"सांगितलं का नाहीत?"

"विचारलं कोनं?" चमेली म्हणाली. आवाजात राग नव्हता. खरंच कुणी विचारलं नव्हतं.

"जुना तांदूळ चालतो?"

"जुना तं खातोच ना. गाठोड्यात जुनाच आहे."

रीता उठली ती जवळजवळ धावतच निघाली. उदेभान वॉर्डाच्या दारात होता. आत सोनूपाशी बसलेली आया नंदाबाई दोन्ही हात पसरून दार अडवून उभी होती. "सुई काढाची नाई! डॉक्टर मले मारन! तू म्हातारा आहे म्हनून आयकून घेऊन राहिली, नाई तं..."

"बाबा," रीता म्हणाली, "चुकलं आमचं. तुमचा नवा झाला नाही, हे आम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही तुमचा जुना तांदूळ शिजवा. आमच्या पंगतीत बसून तोच खा. नाही तर नका खाऊ. पण पोरीला उद्यापर्यंत नका हलवू. उद्या रक्त येणार आहे."

त्यानं नंदाबाईच्या हातावरून खाटेकडे पाहिलं. आत सोनूनं कूस बदलली आणि कण्हली. सलाइनची नळी हलली.

"तुमच्या गंजात नाई शिजवत मी," तो अखेर म्हणाला. "त्यात नवा शिजला."

"माझ्या घरचं पातेलं देते. त्यात नवा शिजलेला नाही."

"आन् म्हातारी? ती लई बोलली."

"त्यांना मी सांगते."

---

पुष्पाबाई शेडमध्ये गंजाकडे पाठ करून बसल्या होत्या. पंगत तशीच. कुणी जेवत नव्हतं, कुणी उठतही नव्हतं. पाळक निघून गेले होते. रीतानं थोडक्यात सांगितलं.

पुष्पाबाई गंजाकडे वळल्या. मग म्हणाल्या, "माई आजी मारायची हातावर. लहान होती मी. वावरातला नवा दाना तोंडात घातला का फटका. म्हने, आधी देव, मंग घर, मंग तू." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "आमच्यातई हेच होतं ना पहिले. इसरली मी, रीता. हे कसं इसरली?"

रीतानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पुष्पाबाईंनी तो झटकला आणि उठल्या. बाहेर येऊन त्यांनी पंगतीला सांगितलं, "त्याचा भात व्हाचा आहे. तोवर कोनी जेवनार नाई."

"काकी, भात गार होऊन राहिला!" दुलीचंद म्हणाला.

"होऊ दे. तू गरम आहेस, तेवढं पुरे."

कुणीतरी हसलं. त्या हसण्यानं आवारातला ताण थोडा सैल झाला; पूर्ण नाही. रस्त्यावरून एक मोटारसायकल हळू होत गेली आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. दूधवाला होता.

उदेभाननं कडुलिंबापासून लांब तीन दगड मांडले. चमेलीनं पातेलं ठेवलं. लाकडं पेटेनात. धूर पंगतीवर यायला लागला, पोरं खोकायला लागली, आणि तेव्हा देवेंद्र, त्या कडक इस्त्रीच्या शर्टात, गुडघे टेकून खाली वाकला आणि फुंकर घालू लागला. अश्विन बाजूला उभा होता, हात रिकामे.

"उभा काय आहेस?" देवेंद्र त्याच्याकडे न बघता म्हणाला. "शेडमधून कोरडी काटकी आण."

अश्विन गेला.

भात शिजायला वेळ लागला. उन्हं कलली. भुकेनं पोरं किरकिरत होती. रीता पातेल्यातल्या बुडबुड्यांकडे पाहत होती आणि मनात वॉर्डातल्या सलाइनचा हिशेब करत होती. आता बाटली बदलायची वेळ झाली असेल, नंदाबाईला कळेल का.

उदेभाननं पातेलं उतरवलं. पहिली मूठ जमिनीवर, दगडांच्या बाजूला ठेवली आणि काहीतरी पुटपुटला. मग पत्रावळीवर भात काढला आणि तो घेऊन सरळ पुष्पाबाईंपुढं येऊन उभा राहिला.

"हे काय?" त्या म्हणाल्या. "तू खा."

"बाई सांगत होती, तुमच्यात नव्या मानसाले पहिले वाढतात." त्यानं पत्रावळ पुढं केली. "माया चुलीवर तू नवीन आहेस, माय."

पुष्पाबाई बसल्या. सगळे पाहत होते. त्यांनी घास घेतला, सावकाश चावला. "कच्चा राहिला," त्या म्हणाल्या.

"लाकडं ओली तुमची," उदेभान म्हणाला.

मग तो स्वतः बसला, चमेली बसली आणि पंगतीला गार झालेला नवा भात वाढला गेला. चमेलीनं आपलं ताट घाईनं संपवलं. सोनूसाठी एका डब्यात पातेल्यातला भात भरून ती रस्ता ओलांडून गेली.

---

बैठक शेडमध्येच झाली. रीता कमिटीत नव्हती. ती भांडी घासत होती, पण ऐकत होती. दुलीचंद म्हणाला, "आजचं चांगलं झालं, मान्य. पण वातावरण बरं नाई. पोलीस ठाण्यातून कोनी आलं तं? खोल्या चार महिने बंद ठेवू. निवलं का मंग पाहू."

कुणी होकार दिला, कुणी खोकलं. मग देवेंद्रचा आवाज आला. "दवाखान्यातली पोरगी सुटेपर्यंत खोल्या बंद होणार नाहीत."

"आन् मंग?"

"मग पुन्हा बसू."

"तू तं सकाडी..."

"सकाळी मला वाटत होतं, आपण काही चुकीचं करत नाही, तरी नुसतं भ्यायला होत होतं. आता चूक पाहिली, न विचारता ताट पुढं केल्याची. आता निदान कशाला भ्यायचं ते कळतं." तो थांबला. "मी भ्यालो नाही असं म्हणत नाही, दुलीचंदकाका."

रीताच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. लग्न झाल्यापासून देवेंद्र लोकांसमोर असं कधी बोलला नव्हता.

बैठक उठली तेव्हा खोल्यांच्या ओसरीवर उदेभान आपलं धोतर पिळत होता. त्यानं ते दोरीवर टाकलं, टोकं ओढून सरळ केलं, पुन्हा ओढलं. त्याच्याजवळ ते एकच धोतर होतं. गमछा गुंडाळून तो भिंतीला पाठ टेकून बसला. आज तो कुठं जाणार नव्हता. रीताला पहिल्यांदा भूक लागल्यासारखं वाटलं. ती जेवलीच नव्हती.

देवेंद्र प्लास्टिकची खुर्ची घेऊन फाटकापाशी बसला होता, तोंड रस्त्याकडे. ती त्याच्यासाठी चहा घेऊन गेली. शर्टावर राखेचे डाग होते.

"ते फोटोवाले परत येतील," तो म्हणाला. "उद्या नाही तर परवा. शाळेतही येतील. विचारतील, सणाला आदिवासींना बोलावून काय खाऊ घातलं. काय सांगू?"

"जे झालं ते सांगा."

"काय झालं?"

रीतानं जरा विचार केला. तिला उत्तर नेमकं हवं होतं.

"आपल्या भाताला त्यांनी हात लावला नाही," ती म्हणाली. "त्यांचा भात आपण खाल्ला."

देवेंद्रनं कप तोंडाशी नेला आणि तसाच धरून राहिला. रस्त्याच्या टोकाशी एक मोटारसायकल दिसली. दोघंही ती जवळ येईपर्यंत पाहत राहिले.